पांदणीपलीकडचा डबा

८ सप्टेंबर, सोमवार

काल पौर्णिमा. विहारात ग्रंथवाचन झालं, मग भंतेजी बोलले. वर्षावासाचा, त्यांच्या पावसाळी मुक्कामाचा, शेवटचा महिना लागला. म्हणाले, आवडत्या माणसावर मैत्री करणं सोपं असतं. या महिन्यात एक नावडता माणूस धरा, रोज त्याचं एखादं काम करा. गाजावाजा नको, आभाराची वाट पाहणं नको.

मायाबाईंनी लगेच विचारलं, "सासू चालते का जी?" सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण डोक्यात नाव येऊन बसलं होतं. वामनराव. स्वतःचाच राग आला. दुसरं कोणी सुचू नये?

सगळी नोकरी मी कंडक्टर होतो. आंजीहून वर्ध्याला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत हा माणूस वांग्याची टोपली घेऊन चढायचा. टोपलीच्या तिकिटावरून रोज भांडण. आणि पैसे द्यायचा ते माझ्या तळहातावर वरून सोडायचा. बोट लागू नये म्हणून. बाकीच्यांनी हे कधीच सोडलं होतं. यानं माझ्या रिटायरमेंटपर्यंत सोडलं नाही.

९ सप्टेंबर

वामनरावांच्या घरी गेलो. ते नव्हतेच. सून संगीता होती. म्हणाली, मामाजी वावरातच राहतात. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले, तरी गावातल्या घरात यायला तयार नाहीत. मुलगा दिनेशचं सिंदी मेघेला वायरिंगच्या सामानाचं दुकान, तो अंधार पडल्यावर येतो. दुपारचा डबा संगीता पोचवते. त्यातच रात्रीचंही असतं. पण मागच्या आठवड्यात वावराकडे जाणाऱ्या पांदणीच्या तोंडाशी कोणाचा तरी गोऱ्हा ओढून नेला.

"जनावर मोठं हाय म्हन्तात, काकाजी. हातात काठी घेऊन निघतो पन पाय उचलत नाई."

म्हणालो, उद्यापासून डबा मी नेतो. ती माझ्याकडे पाहत राहिली. तिला सगळं माहीत आहे.

"मामाजी तुमाले बोलतीन."

"बोलू दे."

१० सप्टेंबर

डबा नेला. टिनाचं घर, बाहेर बाज, बाजूला पाण्याचा हौद, चारी बाजूंना वांगी. वामनराव बाजेवर. केवढा माणूस होता. आता शर्टाच्या आत नुसती काठी उभी केली आहे असं वाटतं.

"कोन?"

"कंडक्टर."

"कोनता कंडक्टर?"

"तुमच्या टोपलीचं तिकीट मागनारा."

त्यांनी मान दुसरीकडे वळवली. मग, "भाकरी गरम हायेत का?" बसा वगैरे काही नाही. डबा ठेवून निघालो.

येताना पांदणीत दोन्ही बाजूंनी कपाशीची पऱ्हाटी माझ्या छातीला लागते. सायकल हातात धरून चालत होतो. वारा अजिबात नव्हता. तरी डाव्या अंगाला एका जागी झाडं हलली. डुक्कर असेल.

१३ सप्टेंबर, शनिवार

डुक्कर नव्हतं. जंगलवाल्यांना नाल्याच्या ओल्या रेतीत वाघाचा पंजा उमटलेला दिसला. पांदणीच्या तोंडाशी बोर्ड लावला. चारनंतर कोणी जायचं नाही, एकट्यानं जायचं नाही, जायचंच असेल तर मोठ्यानं बोलत किंवा गात जायचं.

मला गाता येत नाही. आज अर्ध्या पांदणीत तोंडातून जे निघालं ते असं: "चला पुढं, पुढं सरका, पुढं जागा आहे! आंजी, सिंदी मेघे, वर्धा! सुटे पैसे हातात ठेवा!" रिकाम्या पांदणीत. कोणी पाहिलं असतं तर मला नागपूरला दाखवायला नेलं असतं.

१४ सप्टेंबर

डबा. दम लागतो आहे. सायकलमुळे असेल.

१७ सप्टेंबर

वामनराव आज स्वतःहून बोलले. "काऊन बोंबलत येऊन राह्यला रोज?"

"वाघाले आयकू गेलं पाह्यजे."

"त्याले बी तिकीट फाडनार का?"

आणि हसले. दात नाहीत, नुसत्या हिरड्या. त्यांचं हसणं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. मलाही हसू आलं, आवरता आलं नाही.

मग मात्र भलतंच सांगितलं. म्हणाले, "पाव्हना इथं येते. हौदावर पानी पेते. पह्यले बेडकं चूप होतात, मंग किडे चूप होतात. मंग लपलप आवाज. पोटभर पेते अन् जाते."

"तुमी तवा कुठं असता?"

"इथंच. बाजेवर."

"बाहेर?"

"टिनात लय गरम होते बाप्पा."

मी त्या बाजेवरच बसलो होतो. हौद तिथून हात लांब केला की लागेल एवढ्यावर.

२१ सप्टेंबर, रविवार

आज नवीनच. निघालो तर म्हणाले, "थांब. वांग्याले फूल कसं हाय ते पाय."

मी म्हणालो, चांगलं आहे.

"चांगलं म्हन्जे कसं? तुह्ये डोये तं शाबूत हायेत ना?"

वाकून पाहिलं. जांभळं, पातळ कागदासारखं, मधे पिवळा ठिपका. मान खाली घालून उभं. पाकळ्यांच्या मागे काटे. जन्मभर वांगी खाल्ली, मसाल्याची, भरलेली, वावरातली भाजलेली, पण फूल असं कधी पाहिलंच नव्हतं. सांगितलं तसं. ते डोळे मिटून ऐकत होते, डोळे मिटायची गरज नसताना.

"शेंडे सुकले का कुठं?"

सुकले होते. मोडून पाहिलं तर आत अळी.

"मार."

मी थांबलो. पंचशील घेतलेलं. कारण सांगितलं तर वामनराव आधी चिडले, मग म्हणाले, "मारू नको तं तुह्या घरी ने तिले." आणली. डब्याच्या झाकणात ठेवून, गावाबाहेर उकिरड्याजवळच्या रानवांग्यावर सोडली. असा मूर्ख म्हातारा जिल्ह्यात दुसरा नसेल. आणि घरी येईपर्यंत आपोआप हसत होतो.

२४ सप्टेंबर

छातीत सकाळीच आवळल्यासारखं झालं. वर्ध्याला डॉक्टरांकडे गेलो. ईसीजीची पट्टी काढली, मशीनवर चालवलं, लगेच थांबवलं. म्हणाले, नळी टाकून आत पाहावं लागेल, उशीर करू नका. संध्याकाळी सुमेधचा पुण्याहून फोन.

"बाबा, इकडे या. उद्याचं तिकीट काढतो."

"पौर्णिमा होऊ दे."

"कशासाठी थांबताय?"

वामनरावांचा डबा असं म्हटलं असतं तर त्याला पटलं नसतं. लहानपणी त्यानं तो पैसे सोडण्याचा प्रकार गाडीत पाहिला आहे.

आज डबा उशिरा पोचला. वामनराव म्हणाले, "मले वाटलं तुले खाल्लं."

२८ सप्टेंबर

एक गोष्ट लक्षात आली, लिहून ठेवतो.

सकाळी उठल्यापासून मी वामनरावांना सांगायच्या गोष्टी जमा करतो. शेजारच्या भिंतीवर खारीचं भांडण. सोयाबीन सोंगायला आलेल्या बायांपैकी एकीनं डोक्याला बांधलेला पोपटी दुपट्टा. नाल्यावरून बगळे कुठल्या बाजूला गेले. सुशीला गेल्यापासून माझ्या घरात दिवस उगवतो आणि मावळतो, पण तो कोणाला सांगायचा नव्हता. आता सांगायचा आहे. म्हणून नीट पाहतो. म्हातारपणी नवे डोळे आले म्हणायचे.

आणि मला वाटत होतं मी त्यांना काही देतो आहे.

३० सप्टेंबर, मंगळवार

बंधाऱ्याच्या पलीकडच्या गावात गुराखी गेला. माझ्याच वयाचा. गाई परत आल्या, तो आला नाही. लोकांनी रस्ता अडवून ठेवला, जंगलवाल्यांच्या गाडीच्या काचा फोडल्या.

मी डबा घेऊन निघालो तेव्हा पांदणीच्या तोंडाशी एकही माणूस नव्हता. ओरडत गेलो, आवाज चिरकत होता. वामनरावांना सांगितलं. ते म्हणाले, "मले मालूम हाय. दोन दिस झाले हौदावर नाई आला. मले वाटलंच, दुसरीकडे पोट भरलं असन."

संगीता दारात रडत होती. "काकाजी, त्याईले घरी आना. माह्या आंगावर बट्टा येईन. लोक म्हन्तीन सुनेनं वाघाच्या तोंडी देल्ला."

१ ऑक्टोबर

आणलं. दिनेशनं मित्राची गाडी मागवली. वामनरावांनी दाराची चौकट धरली. दिनेशनं एकेक बोट सोडवलं. मी डबा आणि काठी घेऊन उभा. गाडीत बसवताना माझ्याकडे तोंड केलं, बरोबर माझ्याच दिशेला.

"कंडक्टर, तू बी याईच्यातलाच का?"

काठी आत त्यांच्या हातात दिली.

२ ऑक्टोबर, दसरा

आमच्या वस्तीतले सगळे पांढऱ्या कपड्यात नागपूरला गेले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी गेलो नाही. घरीच वंदना घेतली, मग वामनरावांकडे. भिंतीकडे तोंड करून बसलेले. संगीतानं पुरणाची पोळी पुढे केली, तोंड उघडलं नाही. मी झेंडूच्या तोरणाचं सांगायला लागलो. म्हणाले, "राह्यू दे."

वस्ती इतकी शांत की कुत्र्यांचा श्वास ऐकू यावा.

३ ऑक्टोबर

खात नाहीत. फक्त पाणी.

४ ऑक्टोबर, शनिवार

आजचं आजच लिहून काढतो.

सकाळी संगीता धावत आली. मामाजी घरात नाहीत, काठी नाही, दार सताड उघडं. दिनेश दुसऱ्या रस्त्यानं स्टँडकडे गेला. मला माहीत होतं कुठे जायचं. सायकल काढली. पांदणीत ओरडायचंसुद्धा सुचलं नाही.

मधोमध बसले होते. चिखलात, एकाच पायात चप्पल. माझी सायकल ऐकून त्यांनी फक्त हात वर केला. थांब.

मी सायकल आडवी केली, जवळ गेलो. कानाशी म्हणाले, "बस खाली. वास येते का?"

आला. नव्या वासाच्या तांदळाचा भात शिजतो तसा. त्या ठिकाणी घर नाही, चूल नाही. वाघानं मुतून हद्द आखली की असाच वास येतो, जंगलवाले म्हणाले होते. डाव्या बाजूला पऱ्हाटी, दाट. बोंडं नुकती फुटायला लागलेली. त्यामागे काही दिसत नव्हतं. पण पाखरं नव्हती. एकही नव्हतं.

बसलो. गुडघे कडकड वाजले, तेवढ्यानंही जीव गेला असं वाटलं. वामनरावांनी चाचपडत माझा हात शोधला आणि पंजात पंजा घालून घट्ट धरला. त्यांचा तळहात मला असा कधीच माहीत नव्हता. खरबरीत, कोरडा, हलका.

मी मनात मंगल मैत्री म्हणायला घेतली. सुमेध सुखी होवो. संगीता, दिनेश सुखी होवोत. हा बाजूचा सुखी होवो. त्या गुराख्याच्या घरचे. मग पऱ्हाटीतल्याची पाळी आली आणि शब्द अडला. सुखी हो म्हणायचं म्हणजे काय म्हणायचं? तो सुखी झाला तर आम्ही कुठे? शेवटी एवढंच निघालं, जा बाबा, तुलाही भूक लागत असेल, पण जा.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग कुठे तरी टिटवी ओरडली. मग एक चिमणी. मग सगळंच पुन्हा सुरू झालं, कोणीतरी बटण दाबल्यासारखं. तो तिथे होता का? कधी गेला? झाडही हललं नाही.

वामनराव म्हणाले, "फुकट गेला. तिकीट न घेता."

त्यावर आम्ही दोघं जे हसायला लागलो ते थांबेचना. चिखलात बसून, डोळ्यांतून पाणी, छातीत कळ, तरी हसतो आहे. वर आभाळ, बाजूला पांढरी बोंडं, हातात हा हात. एवढा आनंद मला लग्नातही झाला नव्हता. सुशीला, राग मानू नको.

उठवताना त्यांनी हात सोडला नाही. चालता चालता एवढंच म्हणाले, "तुहा हात गरम हाय रे."

मी दुसऱ्या हातानं सायकल ढकलत राहिलो.

५ ऑक्टोबर

दिनेश माझ्यावर ओरडला. बरोबर आहे त्याचं. मग बसून बोललो. वामनराव गावात जेवत नाहीत, वावरात जेवतात, हे त्यालाही दिसतं. ठरलं ते असं: वामनराव वावरात राहतील, पण टिनाच्या आत झोपायचं, दाराला आतून लोखंडी कडी, आणि सोबतीला मी.

"काका, तुमची तब्येत?"

म्हणालो, झोपायलाच तर जायचं आहे.

७ ऑक्टोबर

अश्विन पौर्णिमा. वर्षावास संपला. विहारात चिवरदान, खीर. भंतेजींनी एकेकाला विचारलं. मायाबाई म्हणाल्या, सासूला आता माझ्याच हातचा चहा लागतो. माझी वेळ आली.

"भीती वाटते, भंते."

"कशाची?"

"आधी वाटत नव्हती. गेलो तर गेलो, असं होतं. आता जावंसं वाटत नाही."

भंतेजी म्हणाले, "भीतीलाही बघत राहा. हाकलू नका."

महिना संपला. डबा दुपारी नेलाच.

१२ ऑक्टोबर

टिनात दोघं. बाहेर बेडकं मधेच चूप होतात. आम्हीही चूप होतो. सकाळी हौदाच्या काठावर ओल.

पायऱ्या नसलेल्या जागी पायरी आहे असं वाटून मी दोनदा अडखळलो. डाव्या हातात मुंग्या.

१५ ऑक्टोबर, बुधवार

जंगलवाल्यांनी वावराच्या धुऱ्याजवळ, बांधालगत पिंजरा आणून ठेवला, वर पऱ्हाटीच्या फांद्या टाकून झाकला. सुमेध उद्या रात्री पोचतो. परवा वर्ध्याला नळी टाकणार. त्यानं सगळं ठरवून टाकलं, आणि मी हो म्हणालो. वामनरावांनीच सांगितलं, "जा. नाटकं नको करू. मले सांगाले कोन उरन मंग?"

डब्याचं काय, म्हणून संगीताकडे गेलो. ती कणीक मळत होती. वर न पाहता म्हणाली, "मी नेईन."

"भीती?"

"वाटते ना. तुमाले बी वाटत होती. मायाबाई येतो म्हनल्या संगं."

मायाबाई आणि संगीता, एका डब्यासाठी. या गावात हे होईल असं मला कोणी सांगितलं असतं तर त्याला गाडीतून उतरवलं असतं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

अजून उजेड आहे, म्हणून लिहून घेतो. आज मी इथे वावरात एकटा येऊ शकलो नाही, दिनेशनं गाडीवर सोडलं. रात्री सुमेधला घेऊन येतो म्हणाला, मग मला गावात नेणार. आजची रात्र दिनेश इथे झोपेल.

सकाळी पिंजऱ्यात बकरी बांधली. काळी, कानावर पांढरा डाग. तेव्हापासून ओरडते आहे. जंगलवाला पोरगा चांगला होता, म्हणाला, "तिले काई नाई होत बाबा, मधात जाळी हाय." वामनराव म्हणाले, "हे तिले सांगतलं का कोनी?" तो हसला, मग हसायचा थांबला.

माणसाचा वास लागेल, जवळ जाऊ नका, असं बजावलं होतं. तरी दुपारी बाभळीचा पाला घेऊन गेलो. जाळीतून तिनं माझा हात चाटला. खारट लागत असेल. पाला खाल्ला, पाणी प्याली आणि पुन्हा ओरडायला लागली. तिच्याजवळ बसून राहिलो तेवढा वेळ मात्र गप्प होती. आम्ही वाचावं म्हणून तिला बांधलं आहे. तिच्यासाठी काय म्हणायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

चार वाजायच्या आधी संगीता आणि मायाबाई येणार होत्या. उद्याची तालीम. आल्या उशिरा, पण आल्या. दोघींचे चेहरे पांढरे, घाम, आणि हसत होत्या, पांदणीत मोठमोठ्यानं एकमेकींच्या सासरच्यांना शिव्या देत आल्या म्हणे. मायाबाईंनी वामनरावांच्या हातात भाकरी दिली. हातात. त्यांनी घेतली, बोटांनी चाचपून पाहिली, म्हणाले, "ज्वारी नवी हाय." चहा झाला. थांबा म्हणालो, दिनेश येईल गाडी घेऊन. संगीता म्हणाली, त्याईले रात होईन, घरी लेकरं एकटी हायेत. मी सोबत निघालो तर वामनराव, मायाबाई, संगीता, तिघांनी मिळून मला बाजेवर बसवलं. छातीवर हात ठेवून.

दोघी आत्ताच निघाल्या. पांदणीच्या वळणापर्यंत त्यांचा आवाज येत होता. आता अंतरामुळे येत नसावा.

वामनराव जेवता जेवता थांबले आहेत. घास हातात.

बकरी ओरडत नाही.

मी म्हणालो, थकली असेल. ते मान तिरकी करून ऐकत राहिले. बेडकंही नाहीत. मग ताट बाजूला सरकवलं आणि हळूच म्हणाले, "पिंजऱ्याचं दार पडल्याचा आवाज आला का तुले?"

नाही आला.

"मले बी नाई. तू जा त्या पोरीइच्या मांगं. मी कडी लावून घेतो."

पेन ठेवतो.